हिमाच्या किनाऱ्यावर: सहलीची आखणी आणि परतीचा विवेक

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर मार्च-एप्रिलच्या सकाळी एक दृश्य नेहमी पाहावयास मिळते. समुद्राच्या काठी, भरतीच्या पाण्याने हिम धुऊन नेलेल्या दगडगोट्यांपाशी, चार-सहा माणसे पायांत स्की अडकवून उभी असतात. त्यांच्या मागे काळेशार, न गोठलेले पाणी असते आणि समोर पांढऱ्याशुभ्र उतारांचा डोंगर. ती मंडळी एका रांगेत सावकाश वर चढू लागतात, तीन-चार तासांनी माथ्यावर पोहोचतात आणि मग तेथून पुन्हा त्याच समुद्राच्या दिशेने हिमावरून घसरत खाली येतात. सागर आणि हिमशिखर एकाच दिवशी, एकाच वाटेवर गाठता यावीत, अशा जागा जगात थोड्याच आहेत.

सुट्टीत परदेशप्रवास आता मराठी कुटुंबांना नवा राहिलेला नाही. स्वित्झर्लंडमधील हिमाचा एक दिवसाचा अनुभव घेऊन आलेली तरुण मुले पुढे प्रत्यक्ष स्की शिकण्याचा हट्ट धरतात आणि चित्रफितींतून पाहिलेल्या उत्तर ध्रुवप्रदेशाचे नाव घेतात. हा हट्ट पुरवण्याजोगा आहे. परंतु या सहलीची आखणी तीर्थयात्रेच्या किंवा स्थलदर्शनाच्या आखणीहून निराळी असते. तेथे कोणत्या दिवशी काय पाहायचे, हे ठरवून भागत नाही. कोणत्या परिस्थितीत काय करायचे नाही, हेही घरीच ठरवावे लागते.

प्रदेशाचे स्वरूप

या भागाचे मुख्य शहर ट्रॉम्सो. ते एका बेटावर वसले असून सुमारे 69.6 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुववृत्ताच्याही सुमारे 350 किलोमीटर उत्तरेस आहे. इतक्या उत्तरेला असूनही तेथील समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाह या किनाऱ्यालगत वाहतो. ट्रॉम्सोचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे 4 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. काश्मीरचा हिवाळा अनुभवलेल्या माणसाला हा आकडा भयंकर वाटणार नाही. खरी अडचण थंडीच्या आकड्यापेक्षा हवेच्या चंचलतेत आहे. समुद्रावरून आलेले वादळ एका दिवसात गुडघाभर हिम टाकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच हिमावर पाऊसही पाडते. या चंचलतेचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

ट्रॉम्सोच्या पूर्वेस दोन फ्योर्डांच्या मध्ये ल्युंगेन नावाचा द्वीपकल्प आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्राचा लांब फाटा. ल्युंगेनच्या पर्वतरांगेतील सर्वोच्च शिखर येहकेवारी 1834 मीटर उंचीचे आहे. ते 1899 मध्ये प्रथम सर झाले. आपले कळसूबाई 1646 मीटरचे. म्हणजे उंचीच्या दृष्टीने हे डोंगर सह्याद्रीचेच भाऊ म्हणावेत. विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. परंतु सह्याद्रीत पायथ्याचे गाव बरेच उंचावर असते, तर येथे चढाई समुद्रसपाटीपासूनच आरंभावी लागते. काहीशे मीटरच्या वर झाडे संपतात आणि मग वाऱ्याला व हिमाला अडवणारे काहीही उरत नाही.

ट्रॉम्सोहून ब्रेइविकेइदेत या धक्क्यापर्यंत सुमारे 50 किलोमीटर मोटारीने जाऊन तेथून फेरीबोटीने स्वेन्सबीला उतरले की ल्युंगेनमध्ये प्रवेश होतो. नैर्ऋत्येस नार्विक हे दुसरे महत्त्वाचे ठिकाण आहे. स्वीडनमधील किरुना येथील लोहखनिज रेल्वेने या बंदरात येते. नार्विकच्या डोंगरउतारावर पाळणे व तारमार्ग असलेले स्की-केंद्र आहे आणि तेथून घसरताना नजरेसमोर फ्योर्डचे पाणी असते.

ऋतू आणि प्रकाश

कोणत्या महिन्यात जावे, हा प्रश्न येथे तापमानाचा नसून प्रकाशाचा आहे. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही; उलट मे महिन्याच्या 20 तारखेच्या सुमारास तो जो वर राहतो, तो जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मावळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात दिवस सुमारे सात तासांचा असतो आणि सूर्य दुपारी पावणेचारच्या आसपास मावळतो. मार्चच्या मध्यात सूर्यास्त साडेपाचनंतर होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकवली जातात; त्यामुळे एप्रिलच्या आरंभी सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास, तर एप्रिलअखेर रात्री दहाच्या सुमारास होतो.

म्हणून मार्चचा उत्तरार्ध व एप्रिलचा पूर्वार्ध हा काळ बहुतेकांना सोयीचा ठरतो. दिवस पुरेसा मोठा असतो, हिम भरपूर असते आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री उत्तर ध्रुवीय प्रकाशही दिसण्याचा संभव असतो. आपल्याकडील वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक मात्र आधी पाहावे. तसेच ईस्टरचा आठवडा टाळावा किंवा त्यासाठी फार आधी तयारी करावी. त्या दिवसांत नॉर्वेतील कुटुंबे स्वतःच स्की घेऊन डोंगरात जातात, निवासस्थाने भरून जातात आणि पवित्र गुरुवार, शुक्रवार, रविवार व सोमवार या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात.

कुटुंबातील प्रत्येकाची मर्यादा

स्की हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाचा तुकडा. एकेकाळी ते हिवाळ्यात चालण्याचे साधन होते. खेळ नंतर आला. आज त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला, सपाट किंवा हलक्या चढउताराच्या आखलेल्या मार्गावर चालत-घसरत जाण्याचा. ट्रॉम्सोच्या बेटावर असा दिव्यांनी उजळलेला मार्ग आहे आणि कामावरून परतलेली स्थानिक मंडळी संध्याकाळी त्यावर फिरतात. वयस्करांना व लहान मुलांना हा प्रकार सर्वांत सुरक्षित. दुसरा, पाळण्याने वर जाऊन राखलेल्या उतारावरून घसरण्याचा. यासाठी नार्विकसारखे केंद्र आणि तेथील शिक्षक हवेत. तिसरा, स्वतःच्या पायांनी डोंगर चढून मोकळ्या, अनाघ्रात हिमावरून उतरण्याचा. ल्युंगेनची कीर्ती या तिसऱ्या प्रकारासाठी आहे आणि धोकाही त्यातच आहे.

पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्याने ल्युंगेनची शिखरे मनात धरू नयेत. उत्तराखंडातील औली किंवा काश्मीरमधील गुलमर्ग येथे एक-दोन हिवाळे प्राथमिक शिक्षण घेऊन, पडणे, उठणे, वळणे व थांबणे अंगवळणी पाडून मगच उत्तरेचा विचार करावा. आठ जणांच्या कुटुंबात दोघेच तरबेज असतील, तर ते दोघे मार्गदर्शकासह डोंगरात जातील आणि बाकीचे आखलेल्या मार्गावर आनंद घेतील, अशी विभागणी आधीच ठरवावी. सगळ्यांनी एकत्रच राहिले पाहिजे, या प्रेमळ आग्रहापोटी कमकुवत माणूस अवघड उतारावर ओढला जातो.

हिमाखालचा धोका

डोंगरावरील हिम हा एकसंध ढीग नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा निराळा थर बसतो. कडक थंडीत जुन्या थरातील कण साखरेसारखे सुटे व भुसभुशीत होतात. त्यावर वाऱ्याने आणलेल्या हिमाची घट्ट लादी जमते. वरून ती भक्कम भासते, परंतु खालचा आधार कच्चा असतो. एका माणसाच्या भारानेही तो कच्चा थर मोडू शकतो आणि मग क्षणार्धात संपूर्ण लादी सुटते. हेच हिमस्खलन. वादळी हिमवर्षाव, जोराचा वारा आणि एकाएकी वाढलेली उष्णता ही त्याची प्रमुख निमित्ते. आणि किनाऱ्यावरील चंचल हवेत ही तिन्ही एकाच आठवड्यात येऊ शकतात.

19 मार्च 2012 रोजी ल्युंगेन फ्योर्डच्या परिसरातील सोर्बमेगाइसा या डोंगरावर परदेशातून आलेल्या स्कीपटूंच्या एका गटातील सहा जण हिमाखाली गाडले गेले. त्यांपैकी पाच जणांचा मृत्यू झाला. 31 मार्च 2023 रोजी याच जिल्ह्यात एका दिवसात अनेक ठिकाणी हिमस्खलने होऊन चौघांचे प्राण गेले. त्या दिवशी राइनोया या बेटावर एक घर व गोठा हिमाच्या लोटाबरोबर समुद्रात वाहून गेला. तेथील माणसे घरीच होती. संकट डोंगरावरून त्यांच्याकडे आले. हिमाचा आदर करावा, असे स्थानिक लोक म्हणतात, त्यामागे अशा आठवणी आहेत.

नॉर्वेच्या शासनाची ‘वारसोम’ ही सेवा हिवाळ्यात दररोज प्रदेशवार हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध करते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. आकडा दोन किंवा तीन असेल तर चिंता नाही, अशी अनेकांची समजूत होते. ती चुकीची आहे. स्कीपटूंचे पुष्कळ अपघात दोन व तीन याच पायऱ्यांवर घडतात, कारण चार किंवा पाच असताना सुज्ञ माणूस बाहेरच पडत नाही. आकड्याबरोबर खालचे वर्णनही वाचावे: कोणत्या दिशेचे उतार, कोणत्या उंचीवर, कोणत्या कारणाने धोक्याचे आहेत, ते तेथे दिलेले असते.

सामान्यतः 30 अंशांहून अधिक कलाच्या उतारावरून हिम सुटते. परंतु सुटलेले हिम तेथेच थांबत नाही. जेथून सुटले, तेथपासूनच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरापर्यंत ते पसरू शकते. म्हणून स्वतः सपाटीवर असलो तरी वर तीव्र उतार आहे काय, हे पाहावे लागते. मोकळ्या डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यातच: संदेश पाठवणारे व शोधणारे छोटे विद्युत उपकरण, लांब शोधकाठी आणि फावडे. गाडल्या गेलेल्या माणसाच्या बचावाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. वाचवू शकतात ते सोबतीच. उपकरण भाड्याने मिळते, परंतु त्याचा सराव भाड्याने मिळत नाही. तो मार्गदर्शकाकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावा. मार्गदर्शक आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलाच निवडावा आणि त्याने ‘आज नको’ म्हटल्यास वाद घालू नये.

आहार आणि पोशाख

या प्रदेशाचे अन्न परंपरेने समुद्रावर अवलंबून आहे. शाकाहारी कुटुंबाने म्हणून स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. खर्चही त्यामुळे आटोक्यात राहतो. डाळी, पोहे, भाजणी, खाखरे, मसाले नेता येतात. परंतु युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दूध व दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तेव्हा तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवावी. बटाटे नेण्यासही बंदी आहे, पण कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरात ती अडचण जाणवणार नाही. तेथील दुकानांतून फळे, भाज्या, ओट्स, कडधान्ये मिळतात. चीज घेताना मात्र ते विरजण्यासाठी वापरलेले द्रव्य प्राणिज आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम असलेल्यांनी वर दिलेल्या वेळा ध्यानात ठेवाव्यात. फेब्रुवारीत जेवण दुपारीच आटोपावे लागेल आणि डोंगरातून परतण्याची घाई होईल. घाईत माणूस जवळची वाट धरतो आणि जवळची वाट पुष्कळदा तीव्र उताराची असते. मार्चचा मध्य व त्यानंतरचे दिवस या दृष्टीनेही अधिक अनुकूल आहेत. उपवासाच्या दिवशी लांबची चढाई ठेवू नये, कारण थंडीत शरीराचे इंधन लवकर संपते.

पोशाखाबाबतही एक विचार आवश्यक आहे. महागड्या थंडीच्या जाकिटांत बहुधा हंस-बदकांची पिसे भरलेली असतात आणि हातमोज्यांना चामडे असते. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी कृत्रिम तंतूंची जाकिटे व हातमोजे आज सर्वत्र मिळतात. या किनाऱ्यावर ते एका अर्थी सरसच ठरतात. ओली झालेली पिसे चिकटून ऊब गमावतात, कृत्रिम तंतू ओले झाले तरी पुष्कळ ऊब टिकवतात, आणि येथील हिम दमट असते. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. पूर्वी त्या सील प्राण्याच्या कातड्याच्या असत. आता काही बोकडाच्या केसांच्या, तर काही नायलॉनच्या असतात. भाड्याने घेताना नायलॉनच्या मागाव्यात.

कागदपत्रे आणि राखीव दिवस

नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो व त्याकरिता किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. परंतु त्या विम्यात स्की समाविष्ट आहे काय, आणि असल्यास राखलेल्या उताराबाहेरील स्कीही आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे. अनेक पॉलिसींत नेमके तेच वगळलेले असते. मोटार भाड्याने घेतल्यास हिवाळी टायर असल्याची खात्री करावी. मदतीसाठी पोलिसांचा क्रमांक 112 व वैद्यकीय सेवेचा 113 आहे. 113 सेवेचे भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप ठिकाणही कळवते. ते निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची तरतूद पैशांची नसून दिवसांची आहे. आठ दिवसांची सहल असेल तर डोंगरासाठी चारच धरावेत. उरलेले दिवस वादळाचे, विश्रांतीचे व शहराचे. ट्रॉम्सोत 1965 मध्ये उभारलेले त्रिकोणी आकाराचे शुभ्र चर्च आहे, 1961 पासून चालणारा तारमार्ग आहे, संग्रहालये आहेत. डोंगर बंद असलेला दिवस वाया जात नाही. जी आखणी प्रत्येक दिवस शिखराला बांधून टाकते, ती वाईट हवेतही माणसाला बाहेर ढकलते. ‘एवढा खर्च करून आलो, उद्या परतायचे आहे, मग आज नाही तर कधी’ हा विचार हिमाइतकाच घातक आहे, आणि त्याचा उगम डोंगरावर नव्हे, तर घरी बसून केलेल्या वेळापत्रकात असतो.

परत फिरणाऱ्यांची परंपरा

नॉर्वेतील प्रत्येक शाळकरी मुलाला डोंगरात वागण्याचे नऊ नियम ठाऊक असतात. 1967 च्या ईस्टरमध्ये डोंगरांत 18 जण दगावल्यानंतर त्यांचा प्रसार देशभर जोमाने झाला आणि 2016 मध्ये ते नव्याने मांडले गेले. सहल आखा व कुठे जाता ते सांगून जा. स्वतःच्या शक्तीप्रमाणे मार्ग निवडा. हवेचा व हिमस्खलनाचा इशारा माना, असा त्यांचा आशय आहे. त्यांतील आठवा नियम सर्वांच्या तोंडी असतो: वेळीच परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

हा नियम भित्र्यांचा नव्हे. फ्रित्योफ नान्सेन हा नॉर्वेचा थोर संशोधक 1888 मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडण्यास निघाला, तेव्हा त्याने मुद्दाम निर्जन पूर्व किनाऱ्यावरून आरंभ केला. वस्ती पश्चिमेला होती. मागे फिरून उपयोगच नव्हता. पुढे याच नान्सेनने 1895 च्या मार्चमध्ये हिमात अडकवलेले ‘फ्राम’ जहाज सोडून ह्याल्मार योहानसेनसह उत्तर ध्रुवाची वाट धरली. 8 एप्रिल रोजी दोघे 86 अंश 14 मिनिटे अक्षांशावर पोहोचले. त्यापूर्वी कोणीही माणूस तितक्या उत्तरेला गेलेला नव्हता. पुढील बर्फ खडबडीत होते आणि अन्न व ऋतू मोजके होते. ध्रुव राहिला आणि ते परत फिरले. वाटेत संपूर्ण हिवाळा एका निर्जन बेटावर काढून 1896 च्या ऑगस्टमध्ये ते मायदेशी आले आणि ‘फ्राम’वरील सोबत्यांशी त्यांची भेट झाली ती याच ट्रॉम्सोत. मोहिमेचे तेराही जण जिवंत परतले. ध्रुव न गाठलेल्या त्या माणसाला त्याच्या देशाने पराभूत मानले नाही.

कुटुंबाने निघण्यापूर्वी एका संध्याकाळी एकत्र बसून हा निर्णय करावा. किती वाजता, जेथे असू तेथून, मागे वळायचे. कोणत्या इशाऱ्याच्या आकड्याला बाहेर पडायचे नाही. आणि गटातील सर्वांत लहान किंवा सर्वांत दमलेल्या व्यक्तीने ‘पुरे’ म्हटले की कारण न विचारता सर्वांनी थांबायचे. डोंगरावर वारा सुटलेला असताना हे ठरत नाही. घरी, शांत मनाने ठरते. मग मुलाने शिखरापासून शंभर मीटरवर स्की वळवली, तर त्याला हिणवू नये. संयम म्हणजे केवळ इच्छा मारणे नव्हे. आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे स्मरण ठेवून पाऊल आवरणे, हाही संयमच. येहकेवारी पुढच्या वर्षीही तेथेच असेल. सायंकाळी फ्योर्डच्या काठी घराचा दिवा लागला असताना सारी माणसे आत आहेत, याहून मोठे यश अशा सहलीत मोजण्याजोगे नाही.